आधी कथा, मग कुंडली

वऱ्हाडात जाऊन आले असे सांगितले, की पुण्यातले लोक दोनच प्रश्न विचारतात: ऊन फार होते का, आणि संत्री आणली का. मी डिसेंबरात गेले होते, त्यामुळे ऊन नव्हते. संत्री आणली होती, पण ती परतीच्या डब्यातच बरीचशी वाटून संपली. तिकडे कशासाठी गेला होतात, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि विचारला तर मी गडबडते. मी केलेले एका रशियन कथेचे भाषांतर वाचून दाखवायला गेले होते, हे उत्तर एका दमात देणे मला अजून जमलेले नाही. ज्यांना ते सवडीने ऐकता येईल, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

रशियन भाषेशी माझी ओळख साहित्याच्या दारातून झाली नाही. मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर त्या भाषेतले शोधनिबंध वाचता यावेत म्हणून आम्हा काही जणांना ती शिकवली गेली. काळ्या मातीबद्दल बारकाईने लिहिणारे रशियन, आणि आमच्या टेबलावर येणारी काळी माती बहुतेक वऱ्हाडातली. त्यामुळे रशिया आणि वऱ्हाड हे माझ्या मनात एकाच बाटलीवर चिकटवलेल्या दोन चिठ्ठ्यांसारखे शेजारी शेजारी राहिले. दोन्ही ठिकाणी मी कधी गेले नव्हते. ओलावा, चुनखडी, भेगांची खोली या विषयांवर मी रशियन सहज वाचत असे. 'ती हसली' हे साधे वाक्य त्या भाषेत वाचण्याची वेळ मात्र माझ्यावर साठीनंतर आली.

निवृत्तीनंतर रद्दीच्या दुकानात जुना रशियन कथासंग्रह मिळाला आणि मी चाचपडत कथा वाचू लागले. लेखकांची नावे मला परकी होती, म्हणून कथा संपल्यावर पुस्तकाच्या शेवटची टिपणे पाहत असे, आणि तिथे प्रत्येक वेळी नवा धक्का बसे. ज्याची कथा वाचून मला वाटावे की हा माणूस गरिबांसाठी तुरुंगात गेला असेल, तो जमीनदार निघे आणि क्रांती होताच देश सोडून जाई. दुसरा खरोखरच तुरुंगात गेलेला असे. पण पुढे त्याचाच पुतळा उभा राही आणि त्याच्या पुतळ्याच्या छायेत इतरांची पुस्तके वाचनालयांतून नाहीशी होत. एक कोणत्याच बाजूचा नव्हता, म्हणून दोन्ही बाजूंनी त्याला भित्रा ठरवले होते. मातीच्या नमुन्यावर गावाचे नाव लिहिलेले असते, पण नाव वाचून आम्ही मातीची प्रत कधी ठरवली नाही. लेखकांच्या बाबतीत मला तेवढी शिस्त पाळता येईना. टिपण वाचून झाल्यावर तीच कथा मला वेगळी दिसू लागे.

यातल्या एका कथेचे मी भाषांतर केले. लेखकाचे नाव इथे सांगणार नाही. का, ते पुढे कळेल. कथा अशी: बर्फात गाडलेल्या खेड्यात एक शिक्षिका आणि तिची म्हातारी आई राहतात. दोघींत मिळून नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, बुटांचा एकच जोड आहे. मुलगी शाळेत गेली, की आई पाय चिंध्यांत गुंडाळून भट्टीवरच्या ओट्यावर बसून राहते. एके दिवशी शाळा तपासायला मोठा अधिकारी येतो, आणि तपासणी झाल्यावर शिक्षिकेच्या घरीही डोकावतो. आई ओट्यावरून खाली उतरत नाही, नमस्कार करत नाही, तोंड फिरवून बसते. कारण उतरली तर तिचे पाय दिसतील. म्हातारी फार गर्विष्ठ आहे, असे अधिकारी बोलून दाखवतो. मुलगी त्याला खरे कारण सांगू शकली असती. ती सांगत नाही. एवढीच कथा.

भाषांतर पुरे झाल्यावर, जाण्याच्या आठवडाभर आधी, या लेखकावरचा एक लेख माझ्या वाचनात आला. भीतीच्या वर्षांत त्याने आपल्या एका मित्राविरुद्धच्या निवेदनावर सही केली होती. मित्रही लेखकच होता. त्या सहीनंतर मित्राला दूर छावणीत पाठवले गेले, आणि सही करणाऱ्याला राहायला मोठे घर मिळाले. मी लेख मिटला, भाषांतर पिशवीत घातले, आणि याबद्दल कोणाशीही बोलले नाही.

बडनेरा आणि अमरावती

बडनेऱ्याला पहाटे उतरले तेव्हा फलाटावर कानटोप्या घातलेली माणसे होती. वऱ्हाडात थंडी नसते असे मला सांगणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकला. मला घ्यायला मंदाताई आल्या होत्या; वाचनाचे आमंत्रणही त्यांच्याच पत्रातून आले होते. त्या अमरावतीच्या प्रयोगशाळेत होत्या. आम्ही वर्षानुवर्षे नमुन्यांबद्दल फोनवर बोललो, पण प्रत्यक्ष भेट ही पहिलीच.

"या, या, सुमित्राताई!" त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "फोनवरून मले वाटे, तुम्ही चांगल्या उंच, धिप्पाड असान. अन् हे काय वो, चिमणीएवढ्या!"

 मी "हो" म्हटले. रिक्षावाला मोठ्याने हसला, आणि अमरावती येईपर्यंत आरशातून मधून मधून माझ्याकडे पाहत राहिला.

पुण्याच्या कानांना इकडचे बोलणे आधी भांडणासारखे वाटते. मंदाताईंच्या शेजारणीने सकाळी दारातूनच विचारले, "काहून आल्या बाई?" मी खुलासा देऊ लागले, तर ती तोवर घरात जाऊन माझ्यासाठी वाटीभर ताजे लोणी घेऊन आली होती. तो प्रश्न नव्हता. ती विचारपूस होती. आमच्याकडे विचारपूस पुष्कळ मृदू शब्दांत होते, आणि लोणी येत नाही.

दुपारी गावात फिरलो. क्लासच्या पाट्यांखालून मुलांचे थवे वाहनांवरून सुटत होते, आणि त्यांच्यामधून वाट काढत मंदाताई मला एका गाडीवर गिला वडा खायला घेऊन गेल्या. मऊ, ओलसर वडा, वर दही आणि चटणी. चटणी मी दह्याच्या भरवशावर सगळी घेतली. डोळ्यांतून पाणी वाहू लागले तेव्हा गाडीवाल्याने न विचारता आणखी दही घातले आणि मंदाताईंना म्हणाला, "पाहुण्या हायत का? आधी सांगाव नाई का तुमी?"

त्याच गाडीपाशी, मी नाक पुसत असताना, मंदाताईंनी विचारले, "कुंडली तयार हाय ना?"

मला वाटले, त्या माझ्या पत्रिकेबद्दल विचारत आहेत.

"तुमची नाही वो माय! लेखकाची!" आणि मग त्यांनी मला, मी जिथे वाचणार होते त्या अकोल्याच्या वाचनमंडळाची पद्धत सांगितली. पत्रात ती लिहायची राहून गेली होती. मंडळ रशियन कथा वाचायला महिन्यातून एकदा नसीम आपांच्या घरी जमते. आपा उर्दू शाळेत मुख्याध्यापिका होत्या. पूर्वी मंडळात कथा वाचायच्या आधी लेखकाचा परिचय देत. लेखक क्रांतीच्या बाजूचा असला, की कॉम्रेड वानखडे कथा सुरू होण्याआधीच वा वा म्हणत. विरुद्ध बाजूचा असला, की उठून चहा सांगायला जात. सरकीचे व्यापारी राठीजी नेमके उलट करत. एकदा दोघांचे एवढे भांडण झाले, की कथा वाचायचीच राहिली. तेव्हा आपांनी नियम केला: परीक्षेच्या पेपरावर विद्यार्थ्याचे नाव झाकलेले असते, तसेच कथेचेही. आधी कथा वाचायची. मग प्रत्येकाने तिच्याबद्दल आणि लिहिणाऱ्याबद्दल काय वाटले ते बोलायचे. त्यानंतर वाचणाऱ्याने नाव सांगायचे आणि कुंडली मांडायची: हा कोणाच्या बाजूचा, कोणी याला धरले, याने कोणाला धरून दिले, काय लिहिले, कशावर सही केली.

"अन् दोन गोष्टी पक्क्या," मंदाताई म्हणाल्या. "एक, नावाच्या आधी जो बोलला तो शब्द मागे घेता येत नाही. दुसरं, कुंडलीतला एकही ग्रह लपवाचा नाही. कॉम्रेडले लपवलेलं लगेच समजते."

मी सहज विचारल्यासारखे विचारले, कसे काय समजते?

मंदाताईंनी सांगितले ते असे. कॉम्रेड अकोटच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसापासून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कामगारांचे पुढारी होते. संपाच्या दिवसांत यंत्राची मोडतोड झाली. ती कॉम्रेडने करवली, अशा खोट्या जबाबावर त्यांच्याच बरोबरीच्या एका कामगाराने सही केली. कॉम्रेड तुरुंगात गेले, नोकरी गेली. सही करणाऱ्याची नोकरी राहिली.

दह्याने चटणीचा तिखटपणा उतरला होता, पण उरलेला वडा मी तसाच ठेवला. रात्री मंदाताईंनी रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती. अशी भाजी मी आयुष्यात खाल्ली नव्हती, असे सगळे म्हणतात म्हणून मीही म्हटले. खरे म्हणजे तिची चव मला आठवत नाही. मी आडवी पडून दोन मार्ग तपासत होते. एक, ताप आल्याचे सांगणे. दुसरा, कुंडलीतून तो एक ग्रह गाळून बाकी सगळे सांगणे. जन्म, शिक्षण, पारितोषिके, मृत्यू. यात खोटे काहीच नव्हते.

अकोला

बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना खिडकीतून दोन्ही बाजूंना तीच माती दिसत होती, जिचे नमुने मी निम्मे आयुष्य चाळले. बाटलीत ती करडी दिसते. इथे, पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींमध्ये, ती खरोखरच काळी होती, आणि तिच्यावर वेचायचा राहिलेला कापूस पांढरा. मुर्तिजापूरच्या पुढे एका शेताच्या कडेला बाया ओटीत कापूस घेऊन ओळीने चालल्या होत्या. मी मंदाताईंना म्हणाले, की एवढ्या बारीक पोताच्या मातीत पाणी झिरपायला किती वेळ लागत असेल. त्या म्हणाल्या, "सुमित्राताई, तुम्हाले बरं नाही का?" मग मला कळले, की मी ते वाक्य तिसऱ्यांदा बोलले होते.

नसीम आपांचे घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे, वरच्या मजल्यावर. जिना अरुंद आणि त्याच्या टोकाला जाईची कुंडी. आपा पंच्याहत्तरीच्या, सडपातळ, आणि त्यांची नजर अशी, की मी गृहपाठ न करता आलेल्या मुलीसारखी दारातच थबकले.

"आइये बाई, आत या. जूते इथंच राहू द्या. मंदा, ही तुझी पुण्याची मैत्रीण खाते का काही?"

दहा-बारा माणसे सतरंजीवर बसली होती. भिंतीपाशी कपाटात रशियन पुस्तकांची मराठी, उर्दू, हिंदी भाषांतरे एकमेकांत मिसळून ठेवलेली. त्यातली कित्येक अशी होती, की एकच संग्रह तीन भाषांत शेजारी उभा. कॉम्रेड खिडकीशी होते. मी त्यांची कल्पना भारदस्त केली होती. प्रत्यक्षात ते किरकोळ बांध्याचे, पांढऱ्या मिशांचे, अंगात हातमागाचे जाकीट. त्यांच्या शेजारीच राठीजी. जे एकमेकांचे शत्रू असल्याचे मी ऐकले होते ते एकाच ताटलीतले शेंगदाणे खात होते.

पुण्यात मी दोन-तीन वाचनांना मागच्या रांगेत बसले आहे. तिथे वाचन संपल्यावर लोक "छान झाले" म्हणतात आणि चप्पल शोधतात. इथे मी पहिले वाक्य वाचले आणि राठीजी म्हणाले, "बाई, आवाज!"

मी पुन्हा वाचले.

"और थोडा," आपा म्हणाल्या. "हे तुमचं लॅब नाही. इथं काही सांडणार नाही."

सगळे हसले, आणि त्या हसण्याच्या आडोशाने मी वाचायला लागले. वाचताना मान वर केली नाही. आई तोंड फिरवून बसते त्या जागी मंदाताईंनी पदर तोंडाला लावल्याचे मला न पाहता कळले. शेवटचे वाक्य संपले. खाली गल्लीत कोणी तरी फाटक ओढून लावले.

मग ते बोलू लागले. राठीजी म्हणाले, लेखक क्रांतीच्या विरुद्धचा असणार, कारण अधिकारी गाढव दाखवला आहे. कोणी म्हणाले, उलट, ही जुन्या राजाच्या काळातली कथा आहे, बुटांवरून कळते. आपा म्हणाल्या, लिहिणारी बाई असेल. पुरुषाला बुटाचा हिशेब सुचत नाही. कॉम्रेड मात्र डोळे मिटून होते. आपांनी त्यांना हटकले, तेव्हा ते बोलले, आणि सावकाश बोलले.

"त्या पोरीनं गप नव्हतं राहाले पाहिजे. पन लिहिनाऱ्याले ते माहीत हाय. त्यानं पोरीले माफ नाई केलं, अन् शिवीबी नाई देल्ली. ज्याले हे एवढं समजते, त्यानं आयुष्यात कोनाचं वाकडं केलं नसन. लेखक कोन्या बाजूचा हाय ते मले मालूम नाई, पन मानूस सोन्यासारखा असन."

"नियम आहे हो कॉम्रेड," राठीजी म्हणाले. "आता परत घेता येणार नाही."

"घेत नाई! मी कावून घेऊ?"

आता सगळे माझ्याकडे वळले. चहा आला होता. मी माझी कपबशी तशीच खाली ठेवली. जन्म, शिक्षण, पारितोषिके, मृत्यू. एवढे बोलून मला थांबता आले असते. मंदाताईंनाही कळले नसते. या माणसाने आत्ताच माझी एकुलती एक कथा सोन्याची ठरवली होती, आणि एक वाक्य गाळले तर ती तशीच राहणार होती.

मी लेखकाचे नाव सांगितले. जन्म सांगितला, शिक्षण सांगितले. आणि मग माझ्या तोंडून, वाचतानाही नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात, बाकीचे बाहेर पडले: निवेदन, सही, मित्र, छावणी, मोठे घर. ही कथा त्याने सहीच्या आधी लिहिली होती, हेही सांगितले, आणि मला हे सगळे इथे येण्याआधीपासून ठाऊक होते, हेही.

 राठीजींना ही संधी होती, पण त्यांनी ती घेतली नाही. ते शेंगदाण्यांच्या ताटलीकडे पाहत राहिले.

"बाप्पा," कॉम्रेड शेवटी म्हणाले. आणि त्यांनी मिशांवरून हात फिरवला. "आपा, माह्या शब्दापुढं 'चुकला' असं लिहा. मागं नाई घेत. चुकला म्हना."

"आणि कथा?" आपांनी विचारले.

"कथेचं काय? कथा चांगली हाय." ते माझ्याकडे वळले. "पाहा बाई, ज्यानं माह्यावर सही केली तो गावंडे. माह्या घराच्या बाजूलेच राहाते. दर दिवाईले त्याच्या घरून चिवडा येते. त्याची बायको करते. तेवढा चांगला चिवडा अख्ख्या अकोटात नाई भेटत. मी खातो. म्हनून त्याची सही पुसल्या जाते काय? नाई पुसल्या जात. अन् सही केली म्हनून चिवडा कडू लागते काय?"

"नाही लागत," राठीजी म्हणाले. "मी खाल्ला आहे."

मग जो हशा उसळला त्यात आपांचाही आवाज होता. मी हसले की नाही आठवत नाही. आठवते ते एवढेच, की मला कित्येक दिवसांनी सरळ, साधी भूक लागली. आपांनी माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात मसालेभात आणि आंबट वरण केले होते. मी दोनदा वाढून घेतले. पुण्यात मी परक्या घरी दुसऱ्यांदा कधीच घेत नाही.

जेवताना कॉम्रेडनी विचारले, "अन् तो दोस्त? ज्याच्यावर सही केली तो?"

तो काही वर्षांनी परत आला, मी म्हणाले. दोघे एकाच शहरात राहत होते. पुढे बोलत होते की नाही, ते मला माहीत नाही. 'मला माहीत नाही' हे शब्द प्रयोगशाळेत मी फार घाबरत उच्चारत असे. त्या सतरंजीवर ते सहज निघाले.

"त्यानं काही लिहिलं का?"

"लिहिले आहे. कथाच."

"मग आता त्याची आना," कॉम्रेड म्हणाले, जणू मी बाजारातून काही आणायची विसरले होते. "एकाचीच ऐकून कसं चालन?"

आपांनी तेवढ्यावर मला पुढच्या हिवाळ्याचे आमंत्रण देऊन टाकले. मला कोणी विचारले नाही, आणि नकार कसा द्यावा हे ठरवायचीही वेळ आली नाही.

अकोट

दुसऱ्या दिवशी कॉम्रेडच्या घरी भरीत खायला जायचे ठरले. मंदाताईंना कामासाठी अमरावतीला परतावे लागले, म्हणून मी एकटी एसटीने अकोटला निघाले. साठीच्या बाईने एकटीने दीड-दोन तासांचा प्रवास करणे ही सांगण्यासारखी गोष्ट नाही, याची मला कल्पना आहे. पण मी ज्या घरात वाढले तिथे ती सांगण्यासारखीच होती. वाटेत कापसाने फुगलेल्या गाड्या दिसू लागल्या, आणि अकोट जवळ आले तसा रस्त्याकडेच्या बाभळींवर, तारांवर, गवतावर पांढरा पिंजलेला कापूस अडकलेला. उत्तरेला सातपुडा निळसर. रशियातल्या बर्फाचे वर्णन मी महिनाभर शब्दकोशात शोधत होते. ते इथे झाडांवर होते, आणि वितळत नव्हते.

कॉम्रेडनी मला जिनिंग बाहेरूनच दाखवले. आत गेले नाहीत. "आवाज ऐका," ते म्हणाले, आणि आम्ही फाटकाबाहेर उभे राहून यंत्रांची घरघर ऐकली. त्यानंतर त्यांच्या घरी, तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे भरीत, हिरव्या कांद्याची पात, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर. तिखट मी या वेळी विचारून घेतले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "तुमच्यासाठी अलग काढलं बाई. मंदाताईचा फोन आला व्हता." माझी कीर्ती माझ्या आधी पोचली होती.

जेवून अंगणात बसलो. कॉम्रेड सुपात तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन सोलत होते. इतक्यात कुंपणाच्या फटीतून एक म्हातारा गृहस्थ आला, धोतर, अंगावर शाल, चालताना एक पाय थोडा ओढत. इकडे शेजारी पाहुणा आला, की त्याला पाहायला यायचेच असते. कॉम्रेडनी त्याला 'या' म्हटले नाही. बाजेवर सरकून जागा तेवढी केली.

"गावंडे," ते मला म्हणाले. एवढेच.

"पुन्याच्या बाई काही वाचून दाखोतात म्हनते," गावंडे म्हणाले. आवाज मवाळ होता. "काल अकोल्यात दाखोली म्हने. आमाले कोन नेते तथी? आमालेबी ऐकवा."

मी कॉम्रेडकडे पाहिले. ते शेंग सोलत होते.

"कोनाची हाय गोष्ट?" गावंडेंनी विचारले.

"आमच्या मंडळात आधी कथा असते, मग नाव," मी म्हणाले. 'आमच्या' हा शब्द मी वापरला, हे मला बोलून झाल्यावर जाणवले. मी पिशवीतून कागद काढले आणि वाचू लागले. आवाज कोणी मागितला नाही, तो आला. आई ओट्यावर तोंड फिरवून बसली, अधिकारी तिला गर्विष्ठ म्हणाला, मुलगी गप्प राहिली. मी कागद मिटले. शेंगा फुटण्याचा आवाज मध्येच केव्हातरी थांबला होता.

गावंडेंनी जमिनीवरचे एक टरफल उचलले. मग म्हणाले, "एवढं तं सांगाचं व्हतं पोरीनं. मायले जोडे नाई, म्हनून उतरत नाई. एका शब्दाचं काम व्हतं."

ते माझ्याकडे वळले.

"आता सांगा. कोन लिहिली?"

मी नाव सांगितले. ते त्यांनी कधी ऐकले नव्हते हे उघड होते. नियमाप्रमाणे नावामागोमाग कुंडली येते, आणि एकही ग्रह लपवायचा नसतो. मी तोंड उघडले आणि थांबले. ही कुंडली या अंगणात मांडायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार माझा नव्हता. ज्याचा होता तो माझ्या समोर बसला होता, आणि त्याला ती काल दुपारपासून पाठ होती.

"कसा मानूस व्हता?" गावंडेंनी विचारले. माझ्याकडे पाहून नव्हे, कॉम्रेडकडे पाहून.

 कॉम्रेडनी हातातली शेंग पुरती सोलली, दाणे पातेल्यात टाकले, टरफल बाजूला केले.

"लिहिनारा चांगला व्हता," ते म्हणाले.

मीही पुढे काही बोलले नाही. जन्मभर मी गप्प राहत आले आहे, बहुतेक वेळा भीतीने. त्या दिवशीच्या गप्प राहण्यात भीती नव्हती, आणि तिच्यावाचून ते इतके हलके असते हे मला माहीत नव्हते.

कॉम्रेडनी सूप बाजेवरून गावंडेंच्या बाजूला ढकलले.

"सोला आता," ते म्हणाले. "बाईची बस हाय. तिच्यासंगं दाने द्याचे हायत."

गावंडेंनी शाल मागे सारली, आणि ते सोलू लागले.